डोकं पूर्वेला

ताई, मी तुला उलटं पुरलं.

सरळच सांगतो. आडवळणानं सांगितलेलं तू कधी ऐकून घेतलं नाहीस. आपल्या कबरस्तानात सगळ्यांची डोकी पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की उठून उभं राहायचं, म्हणजे तोंड आपोआप उगवतीकडे, प्रभू येईल त्या दिशेला. आबा तसे, आई तशी, भाऊजी तसे. तुझं एकटीचं डोकं पूर्वेला आहे, भिंतीजवळच्या निंबाखाली. सगळी मंडळी उठून प्रभूकडे बघेल आणि तू उठून द्वारका चौकातल्या ट्रॅफिककडे बघशील.

एकतीस वर्षं मी अंबडच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खा माल परत पाठवायचो. त्या माणसानं सख्ख्या बहिणीची पेटी उलटी उतरवली.

झालं असं, की मधल्या वाटेवर कुणाच्या तरी नव्या कबरीचा दगड टाकून ठेवला होता. मग आम्ही तुला भिंतीच्या कडेकडेनं नेलं. पुढच्या उजव्या खांद्याला मी. "इकडून या, जपून, वळा, अजून वळा," हे सगळं मीच ओरडत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वळण्यात डोक्याकडची बाजू पायांकडे गेली. पेटी दोन्हीकडून सारखी, झाकणावरचा क्रूस फुलांखाली बुडालेला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकाच्या आलं.

"थांबा, थांबा," भास्करदादा मागून म्हणाले. "पेटी उलटी हाय. डोकं तिकडं गेलं."

दोर निम्मे सुटले होते. पाळकसाहेबांनी मुठीत माती घेतली होती. तुझी लेक स्मिता माझ्या दंडाला धरून उभी होती. तिचा सगळा भार माझ्यावर होता. आणि मी वळून, साऱ्या मंडळीसमोर, मोठ्यानं म्हणालो, "भास्करदादा, तुम्ही गप्प बसा. तीस वर्षं तिचं डोकं खाल्लंत, आता ते कुठं गेलं त्याची चौकशी नको."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, वाक्य जमलं म्हणून त्या क्षणीसुद्धा मला बरं वाटलं.

भास्करदादांनी टोपी काढली, दोन पावलं मागे सरकले आणि खरोखर गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा. पेटी टेकली. माती पडली.

आता हे भास्करदादा म्हणजे काय चीज, हे तुला सांगायला नको. पण मला परत एकदा सांगू दे, कारण मला अजून तुझाच राग येतोय. पंचांच्या सभेत दर वेळी पहिली हरकत त्यांची. नाताळचा तारा पुढच्या दारावर लावायचा ठरला तर म्हणणार, मागच्या दारावर. मागच्या दारावर लावू म्हटलं तर म्हणणार, मग पुढच्या दारानं काय पाप केलं? गायन सावकाश झालं की मढ्यासारखं, जलद झालं की वरातीसारखं. आणि तू सभेची चिटणीस. वहीवरून मान वर न करता म्हणायचीस, "बरोबर आहे दादा तुमचं. आता यातून वाट कशी काढायची, तेही तुम्हीच सांगा." मग ते पाव तास बोलायचे, दमायचे, आणि शेवटी जे आधी ठरलं होतं तेच स्वतःचं म्हणून सुचवायचे. तू लिहून घ्यायचीस. वर त्यांचं नाव घालायचीस!

मी तुझ्या घरी येऊन भडकायचो. "तूच डोक्यावर चढवून ठेवलंयस त्यांना. शास्त्रातच आहे, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर द्यावं, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजायला लागतो."

तू भाकरी उलटता उलटता म्हणायचीस, "त्याच्या वरचीच ओळ वाच. देऊ नये म्हणतंय. नाहीतर आपण त्याच्यासारखे होतो."

"मग नक्की काय करायचं? द्यायचं की नाही?"

"दोन्ही लिहिलंय."

"हे काय झालं? आमच्या कारखान्यात असं ड्रॉइंग आलं असतं तर मी फेकून दिलं असतं. एका खाली एक, दोन उलट मापं!"

"आमच्या वॉर्डात असतात रे, विजू. एकाच तापावर दोन औषधं. कुठलं द्यायचं ते पेशंट बघून."

"आणि पेशंट बघायचा कसा?"

"आधी आपण ओरडायचं बंद करून," तू म्हणायचीस, आणि भाकरी माझ्या ताटात.

हा वाद आपण किती वर्षं घातला असेल? तो संपला नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात मी एक नवा मुद्दा तयार करून आलो होतो. तू म्हणालीस, "उद्या. आज दम लागतोय." तो मुद्दा अजून माझ्याकडे पडून आहे. चांगला आहे. आता कुणाला सांगू?

तसं तू नेहमीच मऊ नव्हतीस, हे मी मान्य करतो. ती गायनमंडळातली नवी सून आठवते? पहिल्याच रविवारी तिचा सूर गेला, तेव्हा भास्करदादा सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला माहेरी कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं वाटतं." पोरगी रडायला लागली. मी बाह्या सरसावल्या. तू चष्मा काढून वहीवर ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, "दादा, जरा बाहेर चला." दोघं चिंचेखाली गेलात. ऐन दुपारी. पंधरा मिनिटांनी ते आत आले आणि त्या पोरीसमोर हात जोडून उभे राहिले. तू काय बोललीस, ते मी तुला किती वेळा विचारलं! तू हसून विषय बदलायचीस. मला त्या गोष्टीचा फार राग आहे. अशी हातखंडा युक्ती असताना सख्ख्या भावाला सांगितली नाहीस.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी स्मितानं मनमाडहून फोटो पाठवले. जावईबापूंनी मोबाइलवर काढलेले. एका फोटोत पेटी खाली जाताना हार घसरलाय आणि झाकणावरचा पितळी क्रूस स्पष्ट दिसतोय. मी जुन्या सवयीनं बोटांनी मोठा करून पाहिला. क्रूसाचा वरचा, आखूड भाग निंबाच्या बाजूला. मी मोबाइल फिरवून पाहिला. स्वतः फिरून पाहिलं. खिडकीतून सूर्य कुठे आहे ते पाहिलं. माल सदोष होता, आणि तपासनीस मी होतो.

तिथून माझे हाल सुरू झाले.

तुला आपली पद्धत माहीत आहे. दगड बसेपर्यंत डोक्याशी लाकडी क्रूस उभा करायचा, आणि तो करायचा भास्करदादांनीच. ओतकामाचे लाकडी साचे घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर मंडळीतल्या प्रत्येक मयताचा क्रूस त्यांच्या रंध्याखालून निघाला. मदत घेणार नाहीत, घाई चालणार नाही, नावाच्या अक्षरांवरून भांडणार, पण करणार. आता त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं जायचं? आणि समजा, त्यांनी क्रूस दिला, तरी लावायचा कुठल्या टोकाला? सगळ्यांसारखा पश्चिमेला लावला तर तो तुझ्या पायांशी. पूर्वेला लावला तर सगळी मंडळी विचारणार.

स्मिताचा दर दोन दिवसांनी फोन. "मामा, आईचा क्रूस झाला का?"

"होतोय."

"चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी लागायला हवा. तिच्या कबरीवर नुसती माती आहे, मामा. मी परवा आले तर मला ओळखू येईना, तिची कुठली आणि शेजारची कुठली."

हे ऐकून मी काय करायला हवं होतं? उठून द्वारकेला भास्करदादांच्या घरी जायचं होतं, एवढंच. मी काय केलं? अंबडला गेलो. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी क्रूस सांगितला. माप कागदावर लिहून द्यायच्या ऐवजी हातवारे करून सांगितलं, कारण मला वाटलं, क्रूस कुणाला माहीत नाही? चार दिवसांनी आणायला गेलो तर चारी बाजू सारख्या. वर त्यानं हौसेनं लाल रंग मारलेला. ताई, तू चाळीस वर्षं नर्स होतीस हे मान्य, पण तुझ्या कबरीवर ते उभं केलं असतं तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं इमर्जन्सी कुठे म्हणून विचारलं असतं. तो लाल क्रूस सध्या आमच्या गॅलरीत उभा आहे. शेजारच्या बाई बीपी तपासायला येऊन गेल्या.

त्या दिवशी मी तुझ्या घरी जाऊन बसलो. तुझं कपाट आवरायचं निमित्त होतं. ईसीजीच्या कागदांमध्ये एक जाड लिफाफा सापडला, माझ्या अक्षरातला. मला आठवलं. कारखान्यात माझी बढती हुकली तेव्हा साहेबाला चार पानी पत्र लिहून तोंडावर मारायला निघालो होतो. तू म्हणालीस, "छान लिहिलं असशील. दे इकडे, शुद्धलेखन बघून देते." मग मी रोज विचारलं की तुझं उत्तर, "दोन पानं राहिलीत रे." महिनाभरात माझा राग उतरला आणि मी विचारायचं सोडलं. त्याच नोकरीवर पुढे माझी दोन्ही पोरं शिकली.

ताई, लिफाफा बंद होता. तू तो उघडलाही नव्हतास!

मी तिथेच जमिनीवर बसलो. म्हणजे एवढी वर्षं तू मलाही भास्करदादांसारखंच वागवत होतीस? "बरोबर आहे विजू तुझं." "आता तूच सांग काय करायचं." माझ्याही सूचना माझ्या नव्हत्या तर. मी आधी चिडलो, मग हसलो, मग रडलो, मग परत चिडलो, कारण आता मला असं कोण हाताळणार? मोकाट सुटलोय मी. त्याचा पुरावा गॅलरीत उभा आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासना झाल्यावर गेलो भास्करदादांकडे. तूच एकदा सांगितलेली बायबलातली अबीगईलची गोष्ट डोक्यात होती. दावीद तलवार उपसून तिच्या घरावर चालून निघाला, तेव्हा ती बाई आधी भाकरी आणि मनुकांच्या ढेपा घेऊन त्याला सामोरी गेली, आणि बोलली नंतर. म्हटलं, मनुका नाही तर निदान द्राक्षं. दोन किलो घेतली.

"सलाम, दादा."

ओसरीत बसून ते पटाशीला धार लावत होते. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"माझं गाव निफाड हाय, विजय," ते म्हणाले. "मला द्राक्षं?"

संपली अबीगईल. पाठ केलेली तीन मऊ वाक्यं होती, ती सगळी बाद. मी उभाच राहिलो. ते धार लावत राहिले. बसही म्हणाले नाहीत. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "चूक झाली, दादा."

"कुठली?"

"दोन्ही."

पटाशी खाली ठेवली. "कधी कळलं?"

"फोटोत दिसलं. पाचव्या दिवशी."

"म्हंजे महिना झाला." ते उठले, आत गेले आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. सागवानाचा क्रूस, ताई. कडा अशा घासलेल्या, की मी सवयीनं बोट फिरवलं आणि मला कुठे काही सापडेना. तुझं नाव काळ्या रंगात, आणि खाली बारीक अक्षरात 'सिस्टर'.

"हा कधी केलात?"

"त्याच दिवशी घेतला करायला. पुरून आलो अन् घेतला."

"मग सांगितलं का नाही? स्मिता रोज विचारतेय..."

"गप्प बसा, म्हणाला होतास ना?" ते म्हणाले. "बसलो. मला लय जड गेलं. पाच येळा फोन हातात घेतला. पण मी सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडत बसला असतास अन् तिचं डोकं राहिलं असतं बाजूला. म्हटलं, याला आपलं आपण कळू द्यावं."

मी द्राक्षांची पिशवी धरून तसाच उभा. मग धीर करून विचारलं, "दादा, त्या दिवशी चिंचेखाली ताई तुम्हाला काय बोलली होती? ती सून रडली तेव्हा?"

"काय नाय."

"असं कसं?"

"काय बोललीच नाय. मला सावलीत बसवलं. म्हणाली, तुम्हाला वाटंल तेव्हा आत जाऊ, घाई नाय. अन् स्वतः उन्हात उभी राहिली. तिला शुगर, पायात चपला नाय, डोक्यावर पदर नाय. मी म्हटलं, बाई, सावलीत ये. तर म्हणते, तुम्ही उठलात की येते." त्यांनी चादरीची घडी घातली. "बायको गेल्यापासून माझ्यासाठी कुणी उन्हात उभं राहिलं नव्हतं."

तर ही तुझी युक्ती. मला कधी जमायची? मी पहिल्या मिनिटाला म्हणालो असतो, दादा, लवकर आटपा, ऊन लागतंय. तू सांगितली नाहीस ते बरोबरच केलंस म्हणा. सांगितली असतीस तर मी ती वाक्यासारखी पाठ केली असती.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "उकरायचं का?"

"येडा हायेस का?" ते म्हणाले. "डोकं जिथं हाय तिथं क्रूस लावायचा."

काल चाळिसावा दिवस. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी आम्ही तिघं कबरस्तानात गेलो, मी, भास्करदादा आणि स्मिता. भास्करदादांनी पूर्वेच्या टोकाला खड्डा घेतला, क्रूस उभा केला, ओळंबा लावून पाहिला. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तू फकस्त धर. वळवू नको."

स्मितानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "सगळ्यांचे क्रूस त्या बाजूला. आईचाच इकडे का?"

मी तोंड उघडायच्या आत भास्करदादा माती ठोकत, मान वर न करता बोलले. इतकं हळू बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"पाळकांना असंच पुरायची जुनी रीत होती, पोरी. बाकीचे उठले की त्यांचं तोंड उगवतीला, अन् पाळकाचं तोंड मंडळीकडं. आपली माणसं समदी उठली का, बघायला. तुझी आई मेट्रन. वॉर्डाकडं पाठ करून ती कशी उठंल?"

स्मिताचे डोळे भरले. तिनं मान हलवली. तिला पटलं होतं. तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं, ताई. भास्करदादांनी मला अख्खी सावली करून दिली होती, आणि मला फक्त तिच्यात बसून राहायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तू उन्हात उभी. कुणीतरी उठायची वाट बघत.

"स्मिता," मी म्हणालो, "दादा सांगतात ती रीत खरी आहे. पण तुझ्या आईला रीत म्हणून तसं पुरलेलं नाही. पेटी मी फिरवली. दादांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी त्यांना गप्प बसवलं, सगळ्यांसमोर. चूक माझी आहे."

ती क्रूसाकडे बघत राहिली, मग निंबाकडे, मग पलीकडच्या साऱ्या ओळींकडे, जिथे आबा, आई, भाऊजी आहेत, आणि जे उठतील तेव्हा पहिली तूच त्यांना दिसशील. भास्करदादा ओळंबा गुंडाळत होते आणि मुद्दाम वेळ लावत होते. मी उभाच. ओरडायचं तर नव्हतंच. वाट बघायची होती. फार अवघड काम आहे ते. तू चाळीस वर्षं कसं केलंस?

शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आई सांगायचीच, मामाच्या हातात खोकं देताना वरची बाजू कुठली ते खडूनं लिहून द्यावं. आम्हीच विसरलो."